तिच्या एकोणीस पाट्या

४ सप्टेंबर, बुधवार

आलो बुवा एकदाचे! सामानाची गाडी तीन तास उशिरा आली, पलंगाचा एक पाय वाटेत कुठेतरी राहिला, आणि ज्या खोक्यावर मी स्वतः ठसठशीत अक्षरांत ‘काच’ म्हणून लिहिलं होतं, नेमक्या त्याच खोक्यावर हमाल बूड टेकून घाम पुसत होता. पण घर पाहिलं आणि सगळा शीण उतरला. चित्रपट-संग्रहालयाच्या आवारातच, मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. हिने ती उघडली, कोपर टेकून खाली अंगणात बघत उभी राहिली आणि चक्क गुणगुणायला लागली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर थांबली असती, एवढं आता मलाही कळतं.

नवी नोकरी म्हणून ही नवी वही. ही म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. बघू.

माझा धंदा अक्षरं काढण्याचा. कुठल्याही काळातलं वळण दाखवा, हुबेहूब उतरवून देतो. हात माझा असतो, पण अक्षर मेलेल्या माणसाचं. मूकपटात पात्रं काय बोलली ते सांगणाऱ्या पाट्या मधेमधे येतात, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. त्या पुसट होतात, कुजतात. त्या जुन्या वळणात पुन्हा काढायच्या, हे माझं इथलं काम.

आणि आमचा करारही एकदा लिहून टाकतो. हिने सहा महिने दिले आहेत. नव्या गावात, नव्या घरात सहा महिने राहून बघायचं. नाही जमलं तर ही तिच्या थोरल्या बहिणीकडे जाणार, कायमची. सतरा वर्षांच्या संसारानंतर! तक्रार काय, तर मी तिला एक वाक्य पुरं करू देत नाही. आता तिची वाक्यं मला आधीच ठाऊक असतात, त्याला मी काय करू? पुढचं स्टेशन माहीत असलं की माणूस आधीच उठून दाराशी उभा राहतो. पण ती जायला नको, हे मात्र अगदी खरं. ती गेली तर या दोन खोल्यांत मी कुणाशी बोलू?

हिलाही इथे काम मिळालं आहे. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची, जे ती तिकडे करत होती तेच. एक तारखेपासून सुरुवात. आवाज आहे तिचा, नाही कोण म्हणतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

माणसं चांगली आहेत. प्रमुख बाई हडकुळ्या, चष्मा गळ्यात दोरीला, आणि वीस वर्षांपूर्वी कुठला डबा कुठल्या फळीवर होता तेही तोंडपाठ. त्यांच्याशिवाय फिती धुणारे काका. सत्तरी उलटली आहे, दोनदा निवृत्त झाले आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत परत आले. घरी बसलं की बायको भाजी निवडायला लावते म्हणे. द्रावणाच्या वासात आयुष्य गेलं, त्यामुळे आपल्या नाकाला आता गुलाब आणि गटार एकच, असं स्वतःच सांगून हसतात.

माझ्यासाठी आठ दहा चित्रपट काढून ठेवले आहेत, पण सगळ्यांचा जीव एकातच अडकला आहे. हा मूकपट नष्ट झाला असं पुस्तकांतसुद्धा छापून आलं होतं. यंदा एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाची भिंत पाडताना आतल्या कपाटात सात डबे निघाले. नावाची पट्टी गेलेली. डब्यांवर फक्त ‘नवरा-बायको, रीळ १’ असं सातापर्यंत. गोष्ट म्हणाल तर घरोघरी मातीच्या चुली. एक घर, एक जेवणाचं टेबल, एक नवरा, एक बायको. नवरा बोलतो, बायको काहीतरी उत्तर देते, नवरा आणखी बोलतो. पण ती बाई! काय चेहरा आहे! ती टेबलावर नुसती बशी ठेवते आणि आपण नवऱ्याला विसरून तिच्याकडेच बघत राहतो.

काकांनी सांगितलं, ती दोघं खरीच नवरा-बायको होती. कंपनी नवऱ्याची, दिग्दर्शन नवऱ्याचं, पाट्याही त्यानेच लिहिलेल्या.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक आकडा असतो. नवऱ्याच्या पाट्या सगळ्या आहेत. मधले एकोणीस आकडे मात्र नाहीत. भिंगाखाली पाहिलं तर एकोणीस ठिकाणी फीत कापून पुन्हा चिकटवलेली, आणि प्रत्येक वेळी आधीच्या चौकटीत बायकोचे ओठ हलताहेत. म्हणजे तिच्या पाट्या तेवढ्या कुणीतरी वेचून काढल्या. अख्ख्या चित्रपटात ती काय बोलते ते कुठेच नाही.

प्रमुख बाईंनी नियम समजावला. आपण काम करतो ते मूळ फितीवर नाही, तिच्या नव्या प्रतीवर. त्यातही जी पाटी उरली आहे ती दुरुस्त करायची, जी नाही तिथे काळी पट्टी आणि बारीक अक्षरांत ‘पाटी गहाळ’. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणं या धंद्यात चोरीहून वाईट, म्हणाल्या. काका शेजारीच होते. त्यांनीही बजावलं, की त्या जागा रिकाम्याच राहू देत, तिथे हात घालू नकोस.

मी मान डोलावली. पण माझे हात शिवशिवतात. ती बाई काय म्हणत असेल ते कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला कळेल.

१५ सप्टेंबर, रविवार

काल प्रमुख बाईंनी आम्हाला चहाला बोलावलं होतं. त्या आज महिनाभरासाठी परगावी जाणार आहेत, त्याआधी ओळख व्हावी म्हणून. त्यांनी हिला विचारलं की मोठ्याने वाचताना थकवा येत नाही का. हिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी सांगून टाकलं, की पहिल्या तासात घसा बसतो, मग कोमट पाणी लागतं. खरंच होतं ते! पण घरी आल्यावर हिने चपला काढायच्या आधीच सांगितलं, की सहा महिने थांबण्यात अर्थ नाही, या महिन्याच्या अखेरीस ती बहिणीकडे जाणार. आवाज चढवला नाही, रडली नाही. तेच मला झोंबलं.

आज सकाळी तिरीमिरीत कामावर गेलो. रविवार, कुणी नव्हतं. दुसरं रीळ लावलं. नवरा टेबलावर मूठ आपटतो, बायको उठून उभी राहते, काहीतरी बोलते, आणि तिथे कापलेली जागा. मी काळा कागद घेतला आणि जुन्या वळणात लिहिलं, ‘चूक माझीच होती. मला क्षमा करा.’ नुसतं बघायला, म्हणून. कॅमेऱ्याखाली धरून चित्र घेतलं, धुतलं, वाळवलं, जोडलं. चालवून पाहिलं तर अंगावर काटा आला. ओठांची उघडझाप शब्दाला शब्द जुळत होती.

एक वाजता जेवायला घरी आलो. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, ‘चूक माझीच होती. मला क्षमा करा.’

‘क्षमा’ हा शब्द हिच्या तोंडून मी सतरा वर्षांत ऐकलेला नाही. ही साधं ‘सॉरी’ म्हणते तेही दाराआडून. पण मी कशाला खोडा घालू? पोटभर जेवलो. देवाला काळजी, म्हटलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगाच नाही. योगायोग असेल, असं स्वतःला बजावत आज आणखी एक पाटी केली. तिसऱ्या रिळात बायको कपड्यांची पेटी भरते, नवरा दार अडवून उभा राहतो, ती मान वर करून काहीतरी म्हणते. मी लिहिलं, ‘मी कुठेही जाणार नाही.’

जोड सुकायला दहा मिनिटं लागतात. मी घरी पोचलो तेव्हा ही फोनवर बहिणीशी बोलत होती. मला पाहून बोलली असंही नाही, माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. फोनमध्ये म्हणाली, ‘मी कुठेही जाणार नाही.’ पलीकडून बराच वेळ प्रश्न ऐकू येत होते. हिने तेच वाक्य तीनदा म्हटलं आणि फोन ठेवला.

मला आनंद झाला, हे इथे तरी कबूल करतो. खूप आनंद झाला. ती राहणार!

२३ सप्टेंबर, सोमवार

सहा पाट्या झाल्या. ‘तुम्ही म्हणाल तसं.’ ‘तुमच्याशिवाय माझं कोण आहे?’ अशा साध्यासुध्याच. यात वाईट काय आहे? कुठलाही नवरा घरी हेच ऐकू इच्छितो. घरात भांडण नाही, तंटा नाही. ही वेळेवर जेवायला वाढते, समोर बसते.

एकच बारीक गोष्ट आहे. ती गुणगुणत नाही. खिडकीशी उभी असते, पण गप्प. परवा दूधवाल्याने काहीतरी विचारलं तर हिने त्याला ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून सांगितलं. तो हसला, मीही हसलो. मग जिना चढताना माझं हसू कुठे गेलं कळलं नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज हिचा कामाचा पहिला दिवस. मी तिला दारापर्यंत सोडून आलो. अकराला तिथल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंचा मला कचेरीत फोन आला. आवाज घाबरलेला. ही काचेच्या खोलीत बसली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. पानं उलटत होती, ओठ हलत होते, बोट ओळीवरून फिरत होतं. तासभर. मुद्रणात काहीच उमटलं नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून बाई आत गेल्या, तर खोलीतही आवाज नव्हता. त्यांनी हिच्या खांद्याला हात लावून विचारलं की बरं वाटत नाही का. हिने त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘चूक माझीच होती. मला क्षमा करा.’

मी जाऊन तिला घेऊन आलो. वाटेत ती माझ्याशी सारखी बोलत होती. म्हणजे ओठ हलत होते. भर रस्त्यात गाड्यांचे, माणसांचे आवाज येत होते, आणि माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, काहीच नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांनी घसा पाहिला. घसा उत्तम आहे म्हणाले.

मी तिच्या तोंडाजवळ तळहात धरला. ती बोलत असताना वाफ लागते. ऊन श्वास, शब्दांच्या ठेक्यात. आवाज नाही. आणि डोळे — माझ्याकडे असे लागलेले, की मी हात काढून घेतला. मी लिहिली आहेत तेवढीच सहा वाक्यं तिला म्हणता येतात. बाकी सगळं आतल्या आत.

मला कळलं आहे. कळून दोन दिवस झाले. पाट्या काढून टाकायला हव्यात. पण काढल्या की ‘मी कुठेही जाणार नाही’ हीदेखील निघणार, आणि मग ती जाणार. सरळ बहिणीकडे. रविवारी बहीण इथेच येते आहे. तिने तसं फोनवर सांगितलं आहे, म्हणजे मला सांगितलं, कारण हिच्याशी बोलून काही उपयोग नाही असं म्हणाली.

रविवार होऊन जाऊ दे. मग काढतो.

६ ऑक्टोबर, रविवार

काल जे केलं ते लिहायची लाज वाटते. सातवी पाटी केली. ‘मी इथे सुखात आहे.’

मेव्हणी सकाळी दहाला आली. हिने दार उघडलं आणि म्हणाली, ‘मी इथे सुखात आहे.’ बहिणीने पाणी मागितलं, ‘मी इथे सुखात आहे.’ अशी बारीक का झालीस, विचारलं. ‘मी इथे सुखात आहे.’ तासाभरात किती वेळा, मी मोजणं सोडून दिलं. आवाज तोच, गोड, वाचनातला. पण म्हणताना हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात बहिणीच्या मनगटाला असा धरलेला, की बोटांचे वळ उठले.

जाताना मेव्हणी मला जिन्यात म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही काय केलंत माझ्या बहिणीचं?’ मी नेहमीप्रमाणे तिचं बोलणं मधेच तोडून काहीतरी समजावायला लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. शनिवारी बाराला गाडी घेऊन येणार आहे. हिला घेऊन जाणार, मग ही काहीही म्हणो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरं रीळ भिंगाखाली. पेटी भरताना ती नवऱ्याकडे बघायची. आता बघत नाही. मान कॅमेऱ्याकडे वळलेली. प्रत्येक चौकटीत. दुसऱ्या रिळात, चौथ्यात, सगळीकडे. नवरा बोलतोय, हातवारे करतोय, आणि ती त्याला सोडून सरळ माझ्याकडे.

प्रतीत काही दोष असेल म्हणून मूळ डबा उघडला. तिथेही.

डबा घाईने लावला. झाकण नीट बसलं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

काकांनी पाहिलं. प्रत धुवायला घेतली आणि पाट्या दिसल्या. माझ्यावर ओरडले नाहीत. हातमोजे काढले, खुर्चीत बसले. म्हणाले, आता ऐक.

त्यांचे गुरू तरुणपणी, हे डबे सापडले त्याच चित्रपटगृहात, चित्रपट दाखवायच्या यंत्रावर होते. पहिल्या खेळाच्या सकाळी ती बाई स्वतः आली. कॅमेऱ्यासमोर ती आपल्या मनातलं, खरं तेच बोलली होती. आवाज तर कुठे उमटणार नव्हता. नवऱ्याने मग तिच्या नावावर त्याला हवी ती वाक्यं लिहून पाट्या लावल्या. तिने यंत्राच्या खोलीत बसून, शिवणाच्या कात्रीने, त्या एकोणीसही पाट्या आपल्या हाताने कापल्या आणि शेगडीत टाकल्या. म्हणाली, मी बोललेय ते बोललेय, कुणाला कळलं नाही तरी चालेल, पण हे मी बोललेले नाही.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत. काका म्हणाले, जागा रिकाम्या ठेव म्हणून सांगितलं होतं, तेवढं पुरायला हवं होतं.

सतरा वर्षं हीही तेच सांगत होती.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सातही पाट्या काढल्या. काळ्या पट्ट्या लावल्या, ‘पाटी गहाळ’. धावत घरी आलो. दार उघडून हाक मारली.

आगीतून फुफाट्यात. होती ती सात वाक्यंही गेली. ओठ हलतात, हलतात, थांबत नाहीत. मी समोर बसलो. म्हटलं सावकाश बोल, मी ओठांवरून ओळखतो. तिने एकेक शब्द तोडून सांगितला. मला एक शब्द कळला नाही. तिचं प्रत्येक वाक्य आधीच ठाऊक असणारा मी! मी रडलो, तिच्यासमोर, ओंजळीत तोंड घालून. ती उठून खिडकीशी गेली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

एकच सुचलं. पाटीचे एकोणीस कोरे कागद, पांढरा रंग, कुंचला, हिच्यापुढे ठेवले. म्हटलं, तुझं तू लिही. मी जसंच्या तसं जोडतो.

तिने मला खोलीबाहेर जायची खूण केली. दुपारभर लिहीत होती. मधे चहा नेला, तो तिने कपाला हात न लावता बाजूला सारला. चारला सगळे कागद पालथे घालून माझ्या हातात दिले. वर एका चिठोऱ्यावर — न वाचता जोडायचे.

शब्द दिला. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि तशीच चित्रं घेतली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

साडेआठ. ही माझ्यामागे स्टुलावर बसली आहे. काका दाराशी. पहिला जोड सुकला. फीत चालवली.

मागून आवाज आला. हिचा! ‘मला चहात साखर नको असते. सतरा वर्षं सांगते आहे.’ इतकं साधं! मी काय काय कल्पना केल्या होत्या, शिव्या, शाप — हसू आलं, रडू आलं. वळून काकांना म्हणायला गेलो, ऐकलंत ना?

माझे ओठ हलले. नुसते.

घसा खाकरला. पुन्हा. काका माझ्याकडे बघत राहिले. मग टेबलावरच्या फितीकडे त्यांनी बोट दाखवलं. नवऱ्याची पहिली पाटी, मी स्वतः उजळलेली — काळी. अक्षर नाही.

साडेनऊ. चार पाट्या जोडल्या. ही बोलते आहे. आईच्या आजारपणात मी तिला जाऊ दिलं नव्हतं, ते. पुरं वाक्य, मग दुसरं. मधे बोलावंसं अजून वाटतं — सवय —

नवऱ्याच्या चार गेल्या. काकांना सांगायचं होतं, फोन करा, प्रमुख बाईंना. ‘फोन’ हा शब्दच येत नाही. ‘पाणी’ येतो. ‘नको’ येतो.

साडेदहा. नऊ. थांबवू शकतो. कात्री माझ्याच हातात आहे. इथे थांबलो तर माझा अर्धा आवाज उरेल. तिचाही अर्धाच. सतरा वर्षं तिने अर्ध्यावर काढली, मग मी — मागे पाहिलं. ती बोलायची थांबली आहे. माझ्या हातांकडे बघते आहे. भीती तिलाही आहे.

जोडली. दहावी.

चौदा. ‘नको’ गेला.

सोळा. बहिणीला फोन केला तिने, मीच पुढे सरकवला. हसली फोनवर. ते हसू मी विसरलो होतो. काका खाली मान घालून —

फितीतला नवरा तोंड उघडतो, मिटतो. या रिळात एकही पाटी उरली नाही त्याची. ती त्याच्याकडे बघत नाही. माझ्याकडेही नाही आता. खिडकीबाहेर बघते.

अठरा. काहीच उरलं नाही. काकांचा हात धरून ओरडलो. वाफ.

लिहिता येतंय. एवढं आहे अजून. मग लिहून सांगीन हिला. जाऊ नकोस म्हणून. नाही — असं नाही. तुला काय हवं ते विचारीन, लिहून, आणि थांबीन उत्तराला. मधे न — कितीही वेळ —

पावणेबारा. एकोणिसावी जोडली. सुकते आहे. अंगणात गाडी आली. ही उठली, पदर सावरला.

शब्द मोडला. भिंगाखाली वाचली. ही तिच्या बोलण्याची पाटीच नाही. निवेदनाची आहे, शेवटच्या दृश्यावरची, टेबलाशी एकटा बसलेला नवरा. तिच्या अक्षरात, स्वच्छ —

यापुढे तो बोलणार नाही. आणि लिहिणारही